हजेरीपटावर सतरा, कायद्याच्या हिशेबी एकवीस

हिंगणा एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना टाकला तेव्हा कायद्याचं काम म्हणजे कन्सल्टंटला महिन्याची फी देणं, एवढीच माझी समजूत होती. पीएफ 20 माणसांपासून लागतो हे ऐकून होतो. आमच्या हजेरीपटावर सतरा नावं होती, त्यामुळे मी निवांत.

एक दिवस मशीनवरच्या पोरानं विचारलं, "साहेब, माहा पीएफ कावून नाही कापत जी?" मी हसून टाळलं. पुढं पीएफ कार्यालयाचे अधिकारी आले, गेटवर उभे राहिले आणि ट्रक भरणारे चार हमाल मोजू लागले. हमाल ठेकेदाराचे आहेत, हे मी दोनदा सांगितलं. पण ठेकेदाराकडून आलेली माणसंही या मोजणीत धरतात. सतरा अधिक चार, एकवीस. सात महिन्यांची थकबाकी निघाली. कामगाराचा 12 टक्के वाटा वेळेवर कापला नसेल तर मागाहून त्याच्या पगारातून वळता करता येत नाही, म्हणून त्याचा आणि मालक म्हणून माझा, दोन्ही वाटे माझ्याच खिशातून गेले. वर 12 टक्के व्याज, दंड वेगळा. माणसं कमी करून सुटू म्हटलं तर तेही नाही: एकदा लागू झालेला पीएफ संख्या विसाच्या खाली आली तरी सुटत नाही. कन्सल्टंटवर चिडून उपयोग नव्हता. हमालांबद्दल त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून तारखा स्वतः पाहतो. किमान वेतनावरचा विशेष भत्ता, म्हणजे महागाईनुसार मिळणारी जादा रक्कम, जानेवारी आणि जुलैत बदलतो. परिपत्रक कधी उशिरा हाती येतं, फरक मात्र पहिल्या तारखेपासून द्यावा लागतो. आपलं परिमंडळ कोणतं, म्हणजे किमान वेतनासाठी आपला भाग कोणत्या गटात येतो, तेही तपासा. ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या राज्य विम्याचे, दर 1 जुलै 2019 ला उतरले, कामगाराचा वाटा 1.75 वरून 0.75 टक्के झाला. आमच्या एक्सेलमध्ये जुनाच आकडा राहिला आणि कापलेले पैसे परत करताना चांगलीच लाज वाटली. एप्रिल 2023 पासून 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, हेही पुष्कळांच्या शीटमध्ये अजून शिरलेलं नसतं.

21 नोव्हेंबर 2025 ला चार कामगार संहिता लागू झाल्या, 29 जुने कायदे त्यांत गेले. मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे, ही आमची जुनी युक्ती आता चालत नाही. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरची रक्कम वेतनातच धरतात, मग नोकरी सोडताना द्यायची ग्रॅच्युइटीही वाढते. नियुक्तिपत्र सगळ्यांना द्यायचं. काम सोडणाऱ्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं. पूर्वी आम्ही "पुढच्या दहा तारखेला ये" म्हणायचो.

मध्यंतरी एका ऑपरेटरचा शुक्रवार शेवटचा दिवस होता. सोमवारी दुपारी त्याला हिशेब दिला. कागद उलटसुलट करून पाहत तो म्हणाला, "एवढ्या लवकर? काही चुकलं का जी माहं?"