नर्सरीच्या ताईंशी काय, कधी बोलायचं

सकाळी गेटवर ताईंभोवती मुलांचा गराडा असतो. तिथे फक्त त्या दिवसापुरतं सांगा: रात्री ताप होता, झोप झाली नाही, सकाळी दूधही प्यायला नाही. औषध द्यायचं असेल तर तोंडी निरोप नको. डायरीत नाव, मात्रा, वेळ लिहून सही करा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा.

मूल चावतंय, शी-शूचं सांगत नाही, असे विषय पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजिबात नकोत. दुसऱ्याच्या मुलाचं नाव आलं की ते सोसायटीभर होतं, आणि ते बिचारं जेमतेम तीन वर्षांचं असतं! शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मागून घ्या. "कसा आहे तो?" याला "छान" एवढंच उत्तर मिळतं. "डबा कोणाशेजारी बसून खातो?" असं विचारा. मावशींशीही बोला. डबा भरवणं, कपडे बदलणं बहुतेक त्याच बघतात, त्यामुळे बारीकसारीक गोष्टी त्यांना आधी दिसतात.

गणपतीत पुण्यातले लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता बंद झाले की न्यायला कधी आजोबा, कधी शेजारच्या काकू जातात. त्यांचं नाव, फोटो, फोन नंबर आदल्या दिवशीच शाळेला कळवा, व्हॅनकाकांनाही.