तोतरं बोलणाऱ्याने टेंभुर्णीचं तिकीट कसं मागायचं

मी सोलापूरचा, काम टॉवेलच्या दुकानात, आणि माझी जीभ अडकते ती नेमकी ट वर. हसा, आता मी पण हसतो. कॉलेजला असताना आत्याकडे टेंभुर्णीला जायचो तेव्हा कंडक्टर समोर आला की ट निघायचाच नाही, मागची माणसं माना वर करून बघायला लागायची, मग मी पटकन "इंदापूर" म्हणून टाकायचो कारण इ ला मला काही त्रास नाही, आणि पुढच्या गावाचं तिकीट काढून टेंभुर्णीतच उतरायचो. दोन वर्षं असे जास्तीचे पैसे भरले, घरात कुणाला पत्ता नाही.

हे एवढ्यासाठी सांगतोय की पहिलं काम बोलणं सुधारायचं नाहीच, पहिलं काम लपवणं बंद करायचं. कुठले शब्द तुम्ही बदलता, कुठे फोन उचलत नाही, हॉटेलात मनात एक असताना तोंडाला सोपं म्हणून दुसरंच काय मागवता, हे आठवडाभर नुसतं बघत राहा. माझी यादी बघून मलाच कसंतरी झालं.

आणि डोक्यातून एक काढून टाका, की हे भित्रेपणामुळे होतं. टेन्शनमध्ये वाढतं हे खरं, पण टेन्शनमुळे तयार होत नाही. बोलताना मेंदूत जे टायमिंग जुळावं लागतं त्यातला हा फरक आहे, बऱ्याच घरांत वारशाने येतो, 2010 साली त्याच्याशी संबंध असलेली काही जनुकं पण सापडली. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एक जण असा असतो, त्यातही पुरुष बरेच जास्त. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत आपल्यासारखे किती फिरत असतील करा हिशोब. त्याच दिवसांत नंदीध्वजाच्या मिरवणुकीत सगळ्यांबरोबर "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" ओरडताना मी कधीच अडकलो नाही, त्यावर आमचे चुलते म्हणायचे, बघ, मनात आणलं की येतंय की तुला! अहो काका, गाताना किंवा चारचौघांबरोबर एका सुरात बोलताना बहुतेक तोतरी माणसं अडकत नाहीत, जगभर हेच आहे.

पुढचं काम जरा जीवावर येतं. फोनवर बोलताना स्वतःचा व्हिडिओ काढा. मी पहिले तीन न बघताच डिलीट केले. चौथा बघितला तर ट अडकला की माझा डावा डोळा गच्च मिटत होता आणि उजवा हात मांडीवर आपटत होता, आणि मला वाटायचं की मी नुसता थांबतो. कधीतरी मांडी आपटली आणि शब्द सुटला असेल, तेव्हापासून चिकटलेली सवय. जोसेफ शीहान म्हणून अमेरिकेतले एक मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः तोतरे, ते याला हिमनग म्हणायचे. लोकांना ऐकू येतं ते वरचं टोक, खाली पाण्यात लाज, भीती, शब्दांची अदलाबदल. माझं इंदापूर पाण्याखालचंच.

आता अडकल्यावर काय करायचं. आपण काय करतो तर जोर लावतो. ट म्हणताना जिभेचं टोक वर टाळूला लागतं, अडकलं की आपण ते आणखी दाबतो, म्हणजे दार आतून ढकलायचं आणि बाहेरून दाबून धरायचं असा प्रकार. त्याऐवजी अडकलात की तिथंच थांबा, दाब ढिला करा, जीभ टाळूला नुसती टेकवा आणि शब्द हळू सरकवत बाहेर काढा. ते जमलं नाही तर अडकत का होईना शब्द पूर्ण होऊ द्या, दोन सेकंद गप्प राहा आणि तोच शब्द पुन्हा हलक्या जिभेने म्हणा. घरी मोठ्याने पेपर वाचताना रोज दहा मिनिटं केलं तरी बास. याने तोतरेपणा जाणार नाही, पण कुस्ती कमी होते, आणि दमायला व्हायचं ते कुस्तीनेच.

सगळ्यात जास्त कामाला आलेली गोष्ट ऐकायला येडेपणाची वाटेल, मुद्दाम तोतरं बोलायचं. जिथं अडकत नाही तिथं. मी रविवारी नवी पेठेत जायचो आणि चार दुकानांत "क-क-केवढ्याला?" असं ठरवून विचारायचो. पहिल्या दुकानात कान तापले, चौथ्यापर्यंत कळलं की समोरच्याला माझ्या बोलण्यापेक्षा गिऱ्हाईक जातंय का याचीच काळजी जास्त. एक पोरगा हसला, हसला तर हसला. ज्याची भीती वाटते ते आपल्याच हाताने चार वेळा करून बघितलं की त्याचा दरारा राहत नाही.

मग सांगून टाकायचं. माझं वाक्य ठरलेलं आहे, "मी जरा अडकत बोलतो, थोडं थांबा." सॉरी लावायचं नाही, माफी कशाची? पहिल्यांदा हे एका होलसेलवाल्याला फोनवर बोललो तर तो म्हणतो, "आटकू द्या वो, टॉवेलचा रेट सांगा." फोन तरी मला आजही जड जातो, कारण तोंड दिसत नाही आणि गप्प झालो की लोक हॅलो हॅलो करून ठेवून देतात, म्हणून तिथं हे वाक्य सुरुवातीलाच. इंटरव्ह्यूला पण तेच, आधीच सांगितलं की निम्मं ओझं खाली.

घरच्यांना एकदा बसवून सांगा. "सावकाश बोल, श्वास घे" म्हणू नका, माझं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, नजर चुकवू नका, मी काय बोलतोय ते ऐका. आमच्या आईला सवय मोडायला वर्ष लागलं, अजून अधूनमधून शब्द पुरवते, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा चुकीचा.

एकट्याने मात्र करत बसू नका. स्पीच थेरपिस्ट सोलापुरात मिळतात, पण "महिन्यात शंभर टक्के बरा करतो" म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नका, मी एका ठिकाणी तसे पैसे घालवून आलोय. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन म्हणून तोतऱ्यांनीच चालवलेली संस्था आहे, त्यांच्या बैठकीत दुसऱ्याला अडकताना पहिल्यांदा शांतपणे ऐकलं तेव्हा लक्षात आलं की ऐकणाऱ्याला ते एवढं काही वाटत नाही. आणि वाईट दिवस येणारच. मागच्या महिन्यात दुकानात स्वतःचं नावच निघेना, तर व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं. केलं तर केलं. टेंभुर्णीचं तिकीट मात्र आता टेंभुर्णीचंच काढतो, ट-ट-ट झालं तरी. कंडक्टर सुट्टे मागतो, बास.

लहान पोरांचं वेगळं आहे. दोन ते पाच वर्षांत बरीच पोरं अडखळतात आणि बहुतेकांचं आपोआप जातं, पण सहा महिन्यांच्या वर चाललं किंवा बोलताना पोरगं तोंड वेडंवाकडं करायला लागलं तर थेरपिस्टकडे न्या, मोठं झाल्यावर जाईल म्हणून बसू नका. जिभेला वेखंड चोळू नका, तोंडात गोट्या ठेवून बोलायला लावू नका. आणि पोपटाने उष्टावलेला पेरू शोधत फिरू नका, मला खायला घातलेत, चांगला ताजा द्या.