एबीएसचा दिवा विझेना: दोष सेन्सरचा नव्हता

मोटारसायकल ८० हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली. चावी फिरवल्यावर एबीएसचा (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढं गेली की विझतो, ते बरोबरच. इथं मात्र कोल्हापूरच्या गंगावेशीत विझलेला दिवा शिवाजी पुलाआधीच्या पहिल्या खड्ड्यात परत पेटायचा. स्कॅनरवर बिघाडाचा कोड पुढच्या चाकाच्या सेन्सरचा (चाकाचा वेग मोजणारा). सेन्सर नवा टाकला, तरी तेच. दिवसाचा खर्च वाया.

मग डबल स्टँडवर पुढचं चाक अधांतरी करून रिम दोन्ही हातांनी धरून आडवी हलवली. टक्‌टक्‌! सेन्सर आणि चाकासोबत फिरणारी दातेरी रिंग यांच्यात फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातलं: चाक आत ढकललं की ०.८ मिमी, बाहेर ओढलं की १.५. हे अंतर साधारण १ मिमीच्या आसपास लागतं (आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा). चाकाचं बेअरिंग ढिलं, म्हणून खड्ड्यात रिंग लांब जाते, सिग्नल तुटतो.

उद्यमनगरात जुन्या बेअरिंगवरचा नंबर दाखवून चाकाची दोन्ही बेअरिंग घेतली, सोबत नवे सील (पाणी-धूळ अडवणाऱ्या रबरी कड्या). बसवताना ठोका फक्त बाहेरच्या कड्यावर. आतल्यावर बसला तर नवं बेअरिंग तिथंच गेलं. दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर (अंतर राखणारी नळी) विसरू नका. सेन्सरच्या टोकाला चिकटलेली डिस्कची लोखंडी पूड ब्रशनं काढली, कोड पुसला.

बेअरिंग जातं ते बहुधा सीलमधून पाणी शिरल्यानं. उसाच्या ट्रॉल्यांचा चिखल धुताना प्रेशरची नळी थेट ॲक्सलवर धरू नये.