ठाण्याच्या पावसासाठी लहान गाडीचे टायर कसे निवडावेत

युरोपातील थंड देशांत मोटारमालकाकडे बहुधा टायरचे दोन संच असतात, एक उन्हाळ्याचा आणि एक हिवाळ्याचा. तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की नेहमीच्या टायरचे रबर कडक होऊ लागते आणि रस्त्यावरची पकड सोडते. म्हणून हिवाळी टायरचे रबर मुद्दाम थंडीतही मऊ राहील असे बनवतात, त्याच्या नक्षीत बारीक चिरा जास्त ठेवतात आणि बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह छापतात. ठाण्यात जानेवारीची पहाटसुद्धा सहसा पंधरा-सोळा अंशांच्या खाली उतरत नाही. कोणी हौसेने असे टायर मागवून येथे बसवलेच, तर तापलेल्या डांबरावर ते भराभर झिजतील आणि गाडी थांबायला अंतरही अधिक लागेल. वर्षातून एकदा मनालीला गाडी नेणाऱ्यांनीही त्यांच्या नादी लागू नये, बर्फापुरत्या चाकांना बांधायच्या साखळ्या त्यांना पुरेशा आहेत. ज्या ऋतूसाठी आपण टायर निवडायला हवेत तो जून ते सप्टेंबर हा आहे, कारण या चार महिन्यांत ठाणे परिसरात सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो.

निवडीची सुरुवात दुकानात करू नये. ती सोसायटीच्या वाहनतळावर, सध्याच्या टायरसमोर उकिडवे बसून करावी. प्रथम तारीख वाचावी. टायरच्या भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी लांबट चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे १४२३ याचा अर्थ २०२३ सालचा चौदावा आठवडा. हे चार अंक अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आतल्या अंगाला बसवलेली असते, त्यामुळे मोबाइलचा दिवा लावून चाकामागे डोकावावे लागते.

ठाण्या-नवी मुंबईत या तारखेला इतरत्रपेक्षा अधिक महत्त्व द्यावे, असे माझे मत आहे. येथील नोकरदार माणूस लोकलने कामावर जातो आणि गाडी शनिवार-रविवारी बाहेर काढतो. परिणामी टायर झिजत नाही, पण ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे त्याचे रबर उभ्या उभ्या कडक होत जाते. माझ्या स्वतःच्या गाडीचे तसेच झाले होते. सात वर्षांत जेमतेम एकतीस हजार किलोमीटर चाललेली गाडी, मूळचेच टायर आणि खाचा चांगल्या पाच मिलिमीटर खोल, त्यामुळे मी निश्चिंत होतो. जूनच्या पहिल्या सरीत घोडबंदरच्या घाटातून गायमुखकडे उतरताना समोरच्या टेम्पोने वेग कमी केला, मी ब्रेक दाबला, पेडल पायाखाली थरथरले आणि गाडी मात्र साबणावरून घसरावी तशी पुढे जात राहिली. टेम्पोची मागची फळी हातभर अंतरावर असताना ती थांबली. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल, धूळ आणि रबराची पूड एकत्र येऊन बुळबुळीत थर तयार होतो हे खरे; पण घरी येऊन टायरच्या भिंतीवर नख दाबून पाहिले तेव्हा ते रबर राहिले नसून प्लास्टिक झाल्यासारखे लागले, आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगाही दिसल्या. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि दहाव्या वर्षानंतर ते वापरूच नयेत, असा अनेक उत्पादकांचा सल्ला असतो. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी स्वतः सहा वर्षे ही मर्यादा धरतो.

त्यानंतर खाचांची खोली पाहावी. या नक्षीला आपले टायरवाले ‘थ्रेड’ म्हणतात. नव्या टायरची खोली साधारण सात ते आठ मिलिमीटर असते आणि मोटारीसाठी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर आवश्यक आहे. मुख्य खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर कायद्याच्या दृष्टीनेही संपला. पावसाच्या दृष्टीने तो त्याआधीच संपलेला असतो, कारण खाचांचे काम चाकाखालचे पाणी बाहेर वाट काढून देणे हे आहे आणि खाच जितकी उथळ तितके कमी पाणी तिच्यातून निघते. म्हणून मेमध्ये खोली तीन मिलिमीटरवर आली असेल, तर तेच टायर घेऊन पावसाळ्यात शिरू नये. मोजण्यासाठी गेज नसेल तर आगपेटीची काडी खाचेत उभी धरून नखाने खूण करावी आणि काडी मोजपट्टीवर ठेवावी. हे माप एकाच ठिकाणी न घेता आतली कड, मधला भाग आणि बाहेरची कड असे तिन्हीकडे घ्यावे. मधला भाग जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती, दोन्ही कडा झिजल्या असतील तर ती कमी होती आणि एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेली आहे, हे समजून घ्यावे. कारण दूर न करता नवे टायर बसवले, तर तेही त्याच रीतीने झिजतील.

आता मापाकडे वळू. १६५/७० आर १४ ८१ टी असे लिहिलेले असेल तर १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या सत्तर टक्के, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १४ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. ८१ हा भारांक असून त्याचा अर्थ एका टायरवर ४६२ किलोपर्यंत भार चालतो, तर टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. आपल्या गाडीचे योग्य माप आणि हवेचा दाब चालकाच्या बाजूचे दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर दिलेला असतो. भारांक आणि वेगाचे अक्षर त्याहून खाली जाऊ देऊ नये.

माप वाढवण्याचा मोह मात्र आवरावा. टायर रुंद केला की गाडी रस्त्याला चिकटून बसते, असे दुकानात हमखास सांगितले जाते आणि कोरड्या रस्त्यावर त्यात थोडे तथ्यही आहे. परंतु रुंद टायरला दर क्षणी अधिक पाणी बाजूला सारावे लागते, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगू लागतो. बर्फाळ देशांतही अनेक जण हिवाळ्यासाठी मुद्दाम एक माप अरुंद टायर निवडतात. दुसरे असे की मोठे रिम घालून व्यास तोच ठेवायचा तर भिंत बुटकी करावी लागते, आणि बुटक्या भिंतीचा टायर मेट्रोच्या खांबांलगतच्या उखडलेल्या पट्ट्यातील, पाण्याने भरल्यामुळे न दिसणाऱ्या खड्ड्यात आपटला की रिमच्या आणि खड्ड्याच्या कडेत भिंत चेमटते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरला फुगा आलेला दिसतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही. कंपनीने दिलेल्या मापाचा टायर मिळतच नसेल तर एकूण व्यास दोन टक्क्यांहून अधिक बदलणार नाही असे माप घ्यावे. उदाहरणार्थ १६५/७० आर १४ चा व्यास सुमारे ५८७ मिलिमीटर येतो आणि १७५/६५ आर १४ चा ५८३, म्हणजे हा बदल चालण्यासारखा आहे.

पाण्यावर तरंगण्याची गोष्ट निघालीच आहे, तर हवेविषयीचा एक गैरसमजही येथेच दूर करावा. पावसाळ्यात हवा कमी ठेवली की पकड वाढते, असे मानणारे बरेच लोक आहेत. विमानांच्या टायरवर नासाने १९६० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून एक ढोबळ सूत्र मिळाले: टायर ज्या वेगाला पाण्यावर तरंगू लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमूळावर अवलंबून असतो. हे सूत्र गुळगुळीत टायरला किंवा खाचांहून खोल पाण्याला लागू पडते. त्यानुसार ३० पीएसआय दाबाला हा वेग ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो, आणि दाब २२ वर उतरवला तर तो ७८ वर येतो. रात्री मोकळ्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा सायन-पनवेल महामार्गावर या वेगाची गाडी काही दुर्मीळ नाही. तेव्हा पट्टीवर लिहिलेलाच दाब, टायर थंड असताना, पंधरा दिवसांतून एकदा भरावा. नायट्रोजन भरल्याने नुकसान काही नाही. पण साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे पैसे देताना लक्षात असू द्यावे.

मापात बसणाऱ्या टायरांपैकी कोणता घ्यावा, हा खरा निवडीचा प्रश्न. एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन, योकोहामा अशी बरीच नावे या मापांत मिळतात आणि प्रत्येक कंपनीत जास्त टिकणारा, इंधन वाचवणारा आणि ओल्या रस्त्यावर जास्त धरणारा असे वेगवेगळे प्रकार असतात. हे तीनही गुण एकाच रबरात पूर्णपणे उतरत नाहीत. सिलिकाचे प्रमाण जास्त असलेले रबर ओल्या रस्त्यावर चांगले धरते, तर केवळ जास्त किलोमीटर चालावे म्हणून बनवलेले कडक रबर तेथेच मार खाते. आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ‘लाखभर किलोमीटर चालेल’ ही जाहिरात निरर्थक आहे, कारण तेवढे अंतर पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी तो टायर वयाने बाद होईल. अशा मालकाने निःशंकपणे पकडीला प्राधान्य द्यावे. काही टायरांवर ‘ट्रॅक्शन’ या शब्दापुढे एए, ए, बी किंवा सी असे अक्षर असते. ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावर मिळणाऱ्या पकडीची प्रत सांगते, म्हणून ए किंवा त्याहून वरचेच घ्यावे. आयएसआय चिन्ह आणि आयएस १५६३३ हा मोटारीच्या टायरांचा मानक क्रमांक आहे की नाही, हेही पाहून घ्यावे. नक्षीत परिघाला समांतर जाणाऱ्या रुंद, खोल खाचा किमान तीन असाव्यात. एकाच दिशेने फिरणाऱ्या बाणाच्या नक्षीचे टायर पाणी उत्तम फेकतात, परंतु स्टेपनी ऐन वेळी कोणत्याही बाजूला लावता येत नाही ही त्यांची अडचण आहे; लहान गाडीला मी ते सुचवणार नाही. रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या जुन्या टायरवर नवे रबर चढवलेले टायर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.

चारही टायर एकदम घेणे सर्वात चांगले. दोनच घ्यायचे असतील तर ते कोठे बसवावेत, यावर वागळे इस्टेटमधील एका टायरवाल्याशी माझी चांगलीच जुंपली होती. “साहेब, इंजिन पुढे, स्टेअरिंग पुढे, ब्रेकचा जोरही पुढे, मग नवीन टायर मागे घालून काय उपयोग?” असे तो हातातला पाना हलवत विचारत होता. त्याचा तर्क झिजेच्या दृष्टीने बरोबर होता, कारण पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत पुढचेच टायर आधी झिजतात. पण पाण्यात काय होते ते पाहावे. पुढची चाके तरंगली तर स्टेअरिंग हलके लागते, गाडी सरळ जात राहते आणि अॅक्सिलरेटर सोडल्यावर वेग उतरून पकड परत येते, म्हणजे चालकाला निदान सूचना मिळते. मागची चाके तरंगली तर कोणतीही सूचना न देता गाडीची शेपटी वळणावर बाहेर फेकली जाते आणि ती सावरणे बहुतेकांच्या हातचे नसते. त्यामुळे नवी जोडी मागे आणि मागची चांगली जोडी पुढे, हाच क्रम योग्य आहे. “दादा, तुमचे बरोबर असेल, तरी मागेच बसवा,” असे सांगून मी तेथेच उभा राहिलो, आणि असे उभे राहणे आवश्यकही असते.

खरेदी मेच्या पूर्वार्धात उरकावी. मान्सून मुंबई परिसरात येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि पहिली सर पडल्यावर दुकानांपुढे रांगा लागतात, तेव्हा समोर येईल तो माल घ्यावा लागतो. शिवाय साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्यामुळे नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला निसरडा असतो; पहिले दोन-तीनशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर, बेताच्या वेगाने चालवले की तो खरवडून निघतो. दुकानात टायर रिमवर चढण्याआधी चारही टायरांची तारीख स्वतः वाचावी. मला एकदा चारांपैकी दोन टायर तीन वर्षांपूर्वीचे दाखवण्यात आले होते आणि किंमत मात्र चारांचीही एकच होती. सहा महिन्यांच्या आतला माल मागावा, व्हॉल्व्ह नवे घालून घ्यावेत, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावी आणि बिलावर टायरचे क्रमांक लिहून मागावेत, कारण वॉरंटीच्या वेळी तेच विचारले जातात.

स्टेपनीची तारीखही विसरू नये. डिकीत पडून असलेला न वापरलेला टायरदेखील म्हातारा होतो.

काढलेले जुने टायर बहुतेक दुकानदार किमतीतून थोडी रक्कम वजा करून ठेवून घेतात. ती रक्कम क्षुल्लक वाटली तरी टायर तेथेच द्यावेत. ‘कधी तरी उपयोगी पडतील’ म्हणून ते घरी आणले की सोसायटीच्या गच्चीवर किंवा जिन्याखाली जाऊन पडतात, जुलैत त्यांच्या पोटात पाणी साचते आणि डेंग्यूचे डास तेथेच अंडी घालतात.