मातीच्या गोल धावपट्टीवरचा जुना वेगविक्रम कसा तपासावा

दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याला घोडे पळताना ज्याने पाहिले आहेत, त्याला टापांचा धुरळा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेत मोटारींच्या सुरुवातीच्या अनेक शर्यती घोड्यांसाठी बांधलेल्या अशाच मातीच्या धावपट्ट्यांवर झाल्या. त्या काळचा एखादा विक्रम वाचनात आला, की आधी अंतर पाहावे. पट्टी एक मैलाची आणि वेळ एका फेरीची असेल, तर 5794 या संख्येला सेकंदांनी भागावे, म्हणजे वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. बार्नी ओल्डफील्ड याने 20 जून 1903 रोजी इंडियानापोलिसच्या पट्टीवर 59.6 सेकंदांत मैल पार केला, म्हणजे ताशी सुमारे 97.2 किलोमीटर, मिनिटाला मैल हा टप्पा गोल पट्टीवर तोवर कोणी ओलांडला नव्हता.

मात्र हा फेरीचा सरासरी वेग झाला. पट्टीची लांबी आतल्या कठड्याला जवळजवळ लागून मोजलेली असते, आणि मोटार वळणावर धुरळ्यात घसरत बाहेर गेली, तर तिला जास्त अंतर कापावे लागते. मोजलेल्या रेषेपासून पूर्ण फेरीभर 3 मीटर बाहेरून गेलेल्या गाडीला साधारण 19 मीटर जादा पडतात, आणि गंमत अशी, की पट्टी लहान असो वा मोठी, हा आकडा बदलत नाही. तो धरल्यास 59.6 सेकंदांतला खरा वेग 98.3 भरतो.

नंतर घड्याळ पाहावे. तेव्हाची हातातली घड्याळे सहसा सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत वेळ दाखवीत. तेवढ्याने येथे ताशी 0.3 किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून त्यापेक्षा बारीक अपूर्णांकावर वाद घालू नये. सरळ रेषेतला विक्रम तर या पंक्तीत बसवूच नये: हेन्री फोर्ड यांनी जानेवारी 1904 मध्ये 39.4 सेकंदांत कापलेला मैल गोठलेल्या सेंट क्लेअर तलावावरचा होता, तेथे वळण नव्हतेच.

जादा अंतराची खात्री गावच्या शाळेच्या मैदानावरही करता येते. सायकलच्या पुढच्या चाकावर चुन्याची खूण करून आतल्या कडेने एक फेरी मारावी आणि खूण किती वेळा खाली आली ते मोजावे. मग सगळीकडे 3 मीटर बाहेरून दुसरी मारावी. चाकाचे साडेआठ ते नऊ फेरे जास्त भरतात.