मेथडमध्ये फाइल इन्क्लूड केल्यावर व्हेरिएबल कुठे जातं?

देवगडचे कितीतरी बागायतदार आता हापूसच्या पेट्या स्वतःच्या वेबसाइटवरून विकतात. हंगामात पेटीचा दर सारखा बदलतो, म्हणून तो वेगळ्या फाइलीत ठेवणं बरं. पण पीएचपीत (वेबसाइट बनवायच्या प्रोग्रॅमिंग भाषेत) ती फाइल क्लासच्या मेथडमधून, म्हणजे क्लासमधल्या फंक्शनमधून, जोडली की हमखास एक तक्रार येते: यादीत दर दिसतो, पावतीत मात्र शून्य.

समजा, 'दर.पीएचपी' या फाइलीत $दर हे व्हेरिएबल (मूल्य साठवणारं नाव) आहे. (पीएचपीला देवनागरी नावं चालतात.) इन्क्लूड (फाइल जोडणारी आज्ञा) ज्या ओळीवर लिहिलं, तिथलाच स्कोप (नाव ओळखलं जाण्याची हद्द) फाइलीतल्या व्हेरिएबलना मिळतो. ती ओळ 'यादी' मेथडमध्ये असेल, तर $दर त्या मेथडपुरतंच. मेथड संपली की तेही संपलं. त्या मेथडची लोकल (तिच्यापुरती) व्हेरिएबल्स आणि $धिस ($this, म्हणजे चालू ऑब्जेक्ट) फाइलीला दिसतात, सगळ्या फंक्शन्सच्या बाहेरची ग्लोबल व्हेरिएबल्स दिसत नाहीत. फाइलीत लिहिलेली फंक्शन्स मात्र सगळीकडे उपलब्ध होतात.

आधी इन्क्लूड_वन्स (फाइल एकदाच जोडणारी आज्ञा) शोधा. खरी गोम बहुतेक वेळा तिथेच असते. 'यादी'ने फाइल एकदा आणली, की 'पावती' मेथडमधलं इन्क्लूड_वन्स ती पुन्हा चालवत नाही, नुसतं ट्रू परत देतं. $दर तयारच होत नाही, आणि नसलेल्या दराला पेट्यांच्या संख्येने गुणलं की उत्तर शून्य. पीएचपी ८ यावर वॉर्निंग देतं, पण चालू साइटवर वॉर्निंग सहसा पडद्यावर दाखवत नाहीत. म्हणून एरर लॉग उघडून बघाच.

मग फाइल बदला. तिच्यात व्हेरिएबल ठेवू नका; दरांचा ॲरे (एकत्र ठेवलेली मूल्यं) थेट रिटर्न करा. फंक्शनही नको, कारण फाइल दुसऱ्यांदा जोडली गेली तर 'फंक्शन आधीच आहे' म्हणून साइट बंद पडेल.

आता कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमध्ये) एकदाच रिक्वायर (इन्क्लूडसारखीच आज्ञा) करून आलेला ॲरे $धिसच्या 'दर' प्रॉपर्टीत ठेवा. इथे रिक्वायर_वन्स चालणार नाही: दुसरा ऑब्जेक्ट बनवताना ॲरेऐवजी ट्रू हाती येईल. फाइलीचा पत्ता __डीआयआर__ (__DIR__, म्हणजे चालू फाइलीचं फोल्डर) पासून द्या. फाइल सापडली नाही तर रिक्वायर तिथेच थांबतं, इन्क्लूड वॉर्निंग देऊन पुढे जातं. पैशांच्या हिशेबात थांबलेलंच बरं.

काहीजण मेथडमध्ये 'ग्लोबल $दर' लिहून बाहेरचं व्हेरिएबल आत आणतात आणि वेळ मारून नेतात. ते टाळा. उद्या हीच फाइल दुसऱ्या एखाद्या फंक्शनमधून जोडली, तर $दर तिथे लोकल होईल आणि ग्लोबलच्या हाती रिकामं नाव उरेल.