पिंग जातंय पण बँकेची साइट उघडेना, शेवटी सापडलं

सांगली मार्केट यार्डात काकांची हळदीची अडत आहे, तिथं जुन्या पीसीवर लिनक्स टाकून राउटर केलाय. कनेक्शन बदललं तेव्हापासून पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का बघायची छोटी चाचणी) जायचं, व्हॉट्सॲप चालायचं, पण बँकेचं पान नुसतं फिरत बसायचं, सौदे झाल्यावर पेमेंटला काका मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचे.

नवीन लाइन पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं जोडायची पद्धत), त्यात ८ बाइट जातात म्हणून एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल साइज, १५०० ऐवजी १४९२. मोठी पॅकेट यातच अडकत असणार, म्हणून तपासायला बसलो. मी पिंगला 'मायनस एम डू' (पॅकेटचे तुकडे करू नको) आणि 'मायनस एस १४९२' (साइज) दिलं तर एरर, मेसेज टू लाँग, एमटीयू १४९२! अरे मी १४९२ च तर देतोय, मग जास्त कुठनं झालं? दोन तास गेले. तो आकडा फक्त आतल्या डेटाचा असतो, वर आयसीएमपी (पिंगचा प्रोटोकॉल) हेडरचे ८ आणि आयपी हेडरचे २० बाइट वेगळे, म्हणजे द्यायचे १४६४. मॅन पेजवर ही बेरीज एका उदाहरणात लिहिली असती तर काय बिघडलं असतं, खरंच राग आला.

मग आयपीटेबल्समध्ये (लिनक्सचा फायरवॉल) फॉरवर्डला, म्हणजे राउटरमधून पुढं जाणाऱ्या ट्रॅफिकला, टीसीपीएमएसएसचा 'क्लॅम्प एमएसएस टू पीएमटीयू' नियम टाकला, तो टीसीपीची पॅकेट लाइनच्या एमटीयूत बसतील एवढीच ठेवतो, पान लगेच उघडलं. नियम सेव्ह करा, नाहीतर रीबूटला उडतो. आता पूर्ण कमांड आणि कुठला आकडा कशाचा हे मराठीत लिहून कागद राउटरलाच चिकटवलाय.